कान टोचलेला दास
पापाची संवय, मनुष्याची निवड आणि पश्चात्ताप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवापूर्वीं झालेल्या त्रिदिन प्रार्थनेच्या दुसऱ्या सायंकाळीं मंदिरांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. परवां या अंगणांत मांडव उभा राहील, मंदिरावर दिव्यांच्या माळा लागतील, बँड वाजेल आणि पोटापाण्यासाठीं परगांवीं गेलेलीं आपलीं लेकरें घरीं परततील. हा आनंद योग्यच आहे. परंतु या मंगलप्रसंगीं मला जो विषय देण्यांत आला आहे, तो ऐकून कोणाच्या मनांत येईल कीं, सणाच्या तोंडावर पापाची चर्चा कशाला? या शंकेचें उत्तर महोत्सवाच्या मूळ कल्पनेंतच आहे.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा विधि सांगितला आहे. सात वर्षांचे सात फेरे पुरे झाले म्हणजे येणारें वर्ष पवित्र मानावयाचें. विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याकडे परत जावयाची. आणि दारिद्र्यापायीं ज्यानें स्वतःला विकलें असेल, त्यानें मुलाबाळांसह मोकळें होऊन आपल्या कुळांत परत जावयाचें. या वर्षाची घोषणा रणशिंग फुंकून होत असे. तें रणशिंग कोणत्या दिवशीं फुंकीत? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं. प्रथम उपवास व पश्चात्ताप, नंतर रणशिंग, आणि त्यानंतर बंधमोचन, असा तो क्रम होता. पुढें १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं रोम येथें पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें, तेव्हांहि यात्रेकरूंनीं खऱ्या पश्चात्तापानें पापनिवेदन केलेलें असावें, अशी अट घातली होती. म्हणून दिवे लावण्याआधीं आपणहि हा विषय थोडा वेळ मनापुढें धरूं.

त्याच पवित्र शास्त्रांत, निर्गम पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायांत, दासांविषयींचा एक विलक्षण नियम आहे. इब्री दासानें सहा वर्षें चाकरी करावी. सातव्या वर्षीं धन्यानें त्याला कांहीं मोबदला न घेतां सोडून द्यावें. परंतु मला धनी प्रिय आहे, मला सुटका नको, असें त्या दासानेंच सांगितलें, तर धन्यानें त्याला दाराच्या चौकटीपाशीं न्यावें आणि आरीनें त्याचा कान टोचावा. मग तो कायमचा दास. त्या बिचाऱ्याची बायकामुलें त्याच घरीं राहत असत, म्हणून त्याला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु त्या चित्राकडे आपण क्षणभर पाहावें. दार उघडें आहे. बाहेर जाण्यास कोणी अडविलेलें नाहीं. आणि त्याच उघड्या दाराच्या चौकटीला कान लावून एक मनुष्य आपण होऊन उभा आहे.

बंधुभगिनींनो, पापाची संवय म्हणतात ती हीच.

ही संवय जडते कशी? संत आगुस्तीन यांनीं 'कन्फेशन्स' या आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागांत आपली आई संत मोनिका हिच्या लहानपणची एक हकीकत सांगितली आहे. घरांतील पिंपांतून द्राक्षारस काढून आणण्याचें काम तिच्याकडे होतें. आईबापांना ती संयमी मुलगी वाटे, आणि तशी ती होतीहि. द्राक्षारसाची तिला गोडी नव्हती. केवळ बालस्वभावानें ती भांड्याच्या कांठाला ओठ लावी. आज थेंब, उद्यां घोट, असें करतां करतां ती जवळजवळ भरलेले पेले रिकामे करूं लागली. ती पिणारी झाली तो दिवस कोणता, असें विचारलें तर त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. तसा एक दिवस नसतोच. तिच्याबरोबर पिंपापाशीं जाणाऱ्या दासीनें एकदां भांडणाच्या भरांत तिला दारुडी म्हणून हिणविलें. तो शब्द त्या मुलीच्या वर्मीं लागला आणि त्याच घटकेला तिनें तें सोडून दिलें. दासीला दुखवावयाचें होतें. देवानें तिच्याच जिभेनें मुलीला बरें केलें.

मोनिकेची सुटका एका शब्दानें झाली, कारण दोरा अजून कच्चा होता. तिच्या पुत्राची गोष्ट निराळी आहे. देहवासनेच्या संवयींत आगुस्तीन यांनीं तारुण्याचीं कित्येक वर्षें घालविलीं. आपल्याला बांधणारी सांखळी परक्या लोखंडाची नव्हती, ती आपल्याच इच्छेची होती, असें ते स्पष्टपणें सांगतात. इच्छेपासून वासना, वासनेपासून संवय आणि संवयीपासून अपरिहार्यता, अशा तिच्या कड्या त्यांनीं एकेक करून मोजून दाखविल्या आहेत. शुद्ध जीवनासाठीं ते देवाची प्रार्थना करीत, आणि ती प्रार्थना देवानें लगेच ऐकूं नये, असेंहि त्यांना आंतून वाटे. अखेर ३८६ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, मिलान येथील एका बागेंत तो 'उद्यां' संपला. पुढच्या वर्षीं संत अंब्रोझ यांच्या हस्तें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पापाची संवय म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पहिला दारुडा येतो. परंतु तेवढ्यावर दृष्टि थांबवूं नये. पत्ते आणि आंकडे यांवर मजुरी उधळणारा, मोबाइलवर पैसे लावून रात्र जागविणारा, एकांतांत अश्लील चित्रें पाहणारा, यांचे कान तितकेच टोचलेले आहेत. आणि मिस्सा संपतांच विहिरीवर नाहीं तर नळावर शेजारणीची अब्रू काढणारी जीभ? शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशीं धरलेला वीस वर्षांचा अबोला? तोहि रोज सकाळीं नव्यानें केला जातो, म्हणून तीहि संवयच आहे. पन्नासाव्या वर्षीं जमीन परत करावी, असें जें शास्त्र सांगतें, त्याच्या वाचनाला असे दोघे भाऊ एकाच मंदिरांत दोन बांकांवर बसतात!

संवयीच्या पापांत सांपडलेल्या मनुष्याला दोन आवाज ऐकूं येतात, आणि दोन्ही त्याचा घात करतात.

पहिला आवाज म्हणतो, "मी असाच आहें. संवय जडली, आतां माझ्या हातीं काय?" यांत सत्याचा अंश आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथांतहि म्हटलें आहे कीं, अज्ञान, भीति, जबरदस्ती, संवय अशा कारणांनीं एखाद्या कृत्याची जबाबदारी कमी होऊं शकते, क्वचित् नाहींशीहि होऊं शकते. मद्याचें व्यसन हा देहमनाचा रोग आहे आणि त्यावर उपचार हवा, हें वैद्यशास्त्रहि सांगतें. हें सर्व मान्य करावें आणि दुसऱ्याचा न्याय करतांना तर तें अवश्य आठवावें. परंतु स्वतःचा न्याय करतांना आणखी एक गोष्ट विचारावी: जेवढें स्वातंत्र्य माझ्यापाशीं अजून शिल्लक आहे, त्याचें मी काय करतों? पेला हातीं आल्यावर कदाचित् मी दुबळा असेन. पण त्या दुकानाच्या रस्त्यानें वळतांना मी दुबळा नव्हतों. नऊ बोटें बांधलेलीं असलीं आणि एकच मोकळें असलें, तर देव त्या एका बोटाचा हिशेब मागतो. आणि त्या एका बोटानेंच गांठ सैल होऊं लागते.

दुसरा आवाज म्हणतो, "कितीदां तेंच पाप सांगूं? फादर काय म्हणतील? देव तरी किती सोसील?" हा आवाज नम्रतेसारखा भासतो, म्हणून तो अधिक घातक आहे. एकाच रात्रीं पेत्रानें प्रभूला नाकारलें आणि यहूदानें प्रभूला धरून दिलें. दोघांनाहि दुःख झालें. यहूदानें तर पैसेहि परत केले. मग अंतर कोठें पडलें? यहूदा आपलें दुःख घेऊन एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण शिष्यांच्या मेळ्यांतच राहिला, आणि पुढें सरोवराच्या कांठीं प्रभु उभा आहे असें कळतांच पाण्यांत उडी टाकून त्याच्याकडे गेला. पश्चात्ताप म्हणजे केवळ वाईट वाटणें नव्हे. तोंड कोणीकडे वळलें, यावर तो ओळखावा.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५५१ सालीं शिकविलें कीं, पश्चात्तापांत केलेल्या पापाविषयीं दुःख व तिरस्कार असतो आणि पुन्हां पाप न करण्याचा निश्चयहि असतो. याच 'निश्चय' शब्दापाशीं पुष्कळांचें मन अडतें. "मी पुन्हां पडेन हें मला ठाऊक आहे, मग निश्चय करणें म्हणजे देवाशीं खोटें बोलणें नव्हे काय?" बंधुभगिनींनो, निश्चय आणि भविष्यकथन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्यां काय होईल तें सांगण्यास देवानें तुम्हांला बोलाविलेलें नाहीं. आज, या घटकेला, तुम्हांला हें पाप नको आहे काय, आणि तें टाळण्यासाठीं जें करतां येईल तें करण्यास तुम्ही तयार आहां काय, एवढेंच तो विचारतो. पुन्हां पडण्याची भीति असणें निराळें आणि पुन्हां पडण्याचा बेत असणें निराळें. भीति घेऊन यावें; बेत मात्र दाराबाहेर टाकून यावें.

हें तत्त्व दोन मनुष्यांच्या चरित्रांत पाहूं.

पहिला, आयर्लंडमधील डब्लिन शहराचा मजूर मॅट टॅल्बट. १८५६ सालीं एका गरीब, मोठ्या कुटुंबांत तो जन्मला. बाराव्या वर्षाच्या सुमारास मद्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो कामाला लागला आणि तेथेंच पिऊं लागला. पुढें सुमारें सोळा वर्षें त्याची मजुरी गुत्त्यांत गेली. पैसे संपले म्हणजे अंगावरचे कपडे आणि पायांतले जोडेहि तो गहाण ठेवी. एकदां तर त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाचें व्हायोलिन पळवून विकलें व ते पैसे पिऊन टाकले.

१८८४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, आठवडाभर काम बुडवून तो शनिवारीं गुत्त्याच्या वाटेवर उभा राहिला. खिसा रिकामा होता. पगार घेऊन येणाऱ्या मित्रांना त्यानें पूर्वीं कितीदां तरी पाजलें होतें. आज कोणी तरी आपल्याला पाजील, अशी त्याची आशा होती. एकेक मित्र आला आणि तसाच पुढें गेला. तो घरीं परतला आणि आईला म्हणाला कीं, मी दारू सोडण्याची शपथ घेणार आहें. होली क्रॉस कॉलेजांत जाऊन त्यानें धर्मगुरूपाशीं पापनिवेदन केलें आणि शपथ घेतली. किती काळाची? तीन महिन्यांची. जन्मभराची शपथ घेण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. तीन महिने संपल्यावर त्यानें पुन्हां मुदत वाढविली आणि शेवटीं ती शपथ जन्मभराची केली. आरंभींचे दिवस फार कठीण गेले. गुत्त्याचा मोह होऊं नये म्हणून खिशांत पैसे बाळगणेंच त्यानें बंद केलें. जुनीं कर्जें एकेक करून फेडलीं. त्या वादकाला त्यानें शहरभर शोधलें. तो सांपडला नाहीं, तेव्हां त्याच्यासाठीं मिस्सा करविल्या.

७ जून १९२५ रोजीं, रविवारीं, मिस्सेला जातांना तो एका गल्लींत कोसळून मरण पावला. शपथेला एकेचाळीस वर्षें झालीं होतीं आणि ती मोडली नव्हती. त्याच्या अंगावर, कपड्यांखालीं, सांखळ्या सांपडल्या. आपण पवित्र मरियेचे दास आहों, याची खूण म्हणून त्या तो स्वखुषीनें धारण करीत असे. दारूची सांखळी त्यानें तोडली, पण मनुष्य धन्याशिवाय राहूं शकत नाहीं हें ओळखून त्यानें दुसरा धनी निवडला. १९७५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्याला पूजनीय म्हणून घोषित केलें.

दुसरा, चीनमधील वैद्य मार्क जी तियान्श्यांग. १८३४ सालीं तो ख्रिस्ती घरांत जन्मला. गोरगरिबांना तो फुकट औषध देई. स्वतःला पोटाचा विकार जडल्यावर त्यानें औषध म्हणून अफू घेतली आणि अफूनेंच त्याला धरलें. तो पापनिवेदन करी, पुन्हां पडे, पुन्हां येई. शेवटीं याच्या ठायीं खरा निश्चय नाहीं असें समजून धर्मगुरूनें सांगितलें कीं, संवय सुटेपर्यंत पापक्षमा मिळणार नाहीं. व्यसन हा रोगहि आहे, ही समज त्या काळीं सर्वत्र रुजलेली नव्हती. सुमारें तीस वर्षें त्याला प्रायश्चित्त संस्कार मिळाला नाहीं, कम्युनियन मिळाली नाहीं. गांवाला हें ठाऊक होतें. तरी तो मिस्सेला येत राहिला. विचार करा: तीस वर्षें सगळे उठून कम्युनियनला जात आहेत आणि हा वृद्ध वैद्य आपल्या जागीं आहे, पण मंदिर सोडून तो गेला नाहीं.

१९०० सालीं बॉक्सर बंडांत ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली आणि तो आपल्या मुलानातवंडांसह पकडला गेला. श्रद्धा सोडली असती तर प्राण वाचले असते. आपल्या घरच्यांपैकीं कोणालाहि एकट्यानें मरावें लागूं नये म्हणून आपल्याला सर्वांच्या शेवटीं मारावें, अशी विनंति त्यानें केली, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. ७ जुलै १९०० रोजीं तो हुतात्मा झाला आणि १ ऑक्टोबर २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं चीनमधील एकशेंवीस हुतात्म्यांपैकीं एक म्हणून त्याला संतपद दिलें. त्याची अफू सुटल्याचें कोणी सांगत नाहीं. ज्याचा निश्चय खोटा मानला गेला, त्याचा निश्चय तलवारीपुढें खरा ठरला. तीस वर्षें रोज हरूनहि त्यानें तोंड फिरविलें नव्हतें. म्हणून निवडीची शेवटची घटका आली तेव्हां कोणीकडे पाहावयाचें, हें त्याला शोधावें लागलें नाहीं.

एक संवय एका क्षणांत तुटली, एक एकेचाळीस वर्षें रोज तोडावी लागली, एक मरेपर्यंत तुटली असें दिसलें नाहीं. तिघांनाहि ख्रिस्तसभेनें आदरानें वेदीजवळ आणलें आहे. यावरून आपण शिकावें तें हें कीं, यश देवाच्या हातीं असतें. वळणें आपल्या हातीं असतें.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पापाचें ठिकाण आणि वेळ ओळखा व तेथून वाट वळवा. टॅल्बटनें खिसा रिकामा ठेवला, तसा कोणाला मोबाइल रात्रीं दुसऱ्या खोलींत ठेवावा लागेल. निश्चय लहान करा. तीन महिन्यांचा होत नसेल तर आजच्या संध्याकाळपुरता करा, पण खरा करा. पडलांत तर त्याच आठवड्यांत उठून पापनिवेदनाला या. ज्याला आपल्या घरांत 'कुमसार' म्हणतात, तो बक्षीस घेण्याचा समारंभ नव्हे, औषधाचा दवाखाना आहे, आणि तेथें बसणारा धर्मगुरुहि दुसऱ्या धर्मगुरूपुढें असाच गुडघे टेकतो. व्यसन रोगाच्या पायरीला गेलें असेल तर डॉक्टरांकडे जा. १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या मंडळाच्या सभा आपल्या देशांतहि भरतात, त्यांना जाण्यांत लाज नाहीं. आणि ज्याचें व्हायोलिन घेतलें असेल, त्याला शोधा. नवऱ्याच्या व्यसनानें रित्या झालेल्या डब्यांसमोर जी बायको उभी राहिली आहे, तिची क्षमा मागितल्याशिवाय देवाची क्षमा मागून घरीं जाऊं नका.

शेवटीं धर्मग्रामाला एक विनंति. टॅल्बटला त्या शनिवारीं कोणीहि पाजलें नाहीं. मित्रांच्या मनांत दया नव्हती. तरी त्याला मिळालेली ती पहिली कृपा ठरली. आपल्याकडे मात्र सणाच्या दिवशीं नको म्हणणाऱ्याच्या हातांत आग्रहानें पेला देणें, हें प्रेमाचें लक्षण समजतात! परवांच्या जेवणावळींत आपल्यामध्यें असा एखादा भाऊ बसलेला असेल, ज्यानें गेले चाळीस दिवस शब्दहि न बोलतां लढाई केली आहे. त्याला आग्रह करूं नका. त्याला हंसूं नका. त्याच्या शेजारीं बसून पाणी प्या. महोत्सवाची तीहि एक भेट आहे.

कान टोचलेल्या दासाची गोष्ट मीं अर्धीच सांगितली. तो कायमचा दास होई, असें शास्त्रांत लिहिलें आहे. परंतु यहुदी शास्त्री या 'कायम' शब्दाचा अर्थ असा लावीत आले आहेत कीं, पन्नासावें वर्ष येईपर्यंत. म्हणजे ज्यानें उघडें दार पाहूनहि दास्य पतकरलें, ज्याच्या कानावर त्याच्याच निवडीचा व्रण आहे, त्याच्याहिसाठीं रणशिंग फुंकलें जातें. व्रण राहतो, दास्य राहत नाहीं.

उद्यां संध्याकाळीं चार वाजल्यापासून या मंदिरांत धर्मगुरु पापनिवेदन ऐकण्यासाठीं बसतील. दार उघडें आहे. परवां मांडवांत बँड वाजण्यापूर्वीं तें दुसरें रणशिंग आपणांपैकीं प्रत्येकाच्या टोचलेल्या कानांत ऐकूं यावें, आणि आपण चौकट सोडून आंत यावें, ही प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरणीं माझी प्रार्थना आहे. आमेन.